ससा, कासव आणि संध्या सबनीस

सई परांजपे यांचा ‘कथा’ पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही ससा-कासवाची गोष्ट. तसं वाटावं अशी सोयच करून ठेवली आहे. ज्या मराठी नाटकावरून हा सिनेमा घेतला त्याचं नाव ‘ससा आणि कासव’, नाटककार श. गो. साठे. पडद्यावर लीला मिश्रांची आजीही तीच गोष्ट ऐकवते. चाळीत राहणारा भला, मुखदुर्बळ कारकून राजाराम जोशी म्हणजे कासव. न कळवता येऊन त्याच्या खोलीत पथारी पसरणारा त्याचा मित्र बाशू म्हणजे ससा. आणि शर्यत कशासाठी, तर शेजारच्या सबनिसांच्या संध्यासाठी. ससा सुसाट सुटतो, मग रस्ता सोडून जातो, कासव पोचतं. टाळ्या.

सिनेमा १९८३ चा. तेव्हा मी पुण्यात कॉलेजला होते, सदाशिव पेठेत आत्याकडे राहायचे, आणि आत्येबहिणींच्या घोळक्यात बसून तो पाहिला होता. पुढे लग्न होऊन पौडला आले, तेव्हा दूरदर्शनवर पाहिला. आणि आता निवृत्तीनंतर, ऐन पावसाळ्यात, हिंजवडीला नोकरी करणाऱ्या भाचीबरोबर पुन्हा पाहिला. विनोद सगळे पाठ झालेले, शेवट माहीत असलेला. अशा वेळी माणूस पडद्याच्या मध्यभागी बघायचं सोडून कडेला बघायला लागतो. मी ठरवून फक्त दीप्ती नवलकडे बघत बसले. मग एक साधा प्रश्न पडला, आणि तो काही केल्या हटेना. शर्यत लागली आहे, हे संध्याला कोणी सांगितलं होतं का?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेवटही सांगणार आहे, कारण त्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. आणि शेवट कळला म्हणून मजा जावी, असा हा सिनेमाही नाही. राजाराम, म्हणजे नसीरुद्दीन शाह, एका बूट बनवणाऱ्या कंपनीत कारकून. चाळीतल्या सगळ्यांची कामं करतो, नाही म्हणायला त्याला येत नाही. संध्यावर त्याचं प्रेम आहे, पण ते त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही. एवढ्यात बाशू येतो. फारुख शेख. तो राजारामच्या खोलीत राहतो, राजारामचं खातो, राजारामच्याच जिवावर चैन करतो, आणि चार दिवसांत सगळी चाळ खिशात घालतो. मग थापांवर थापा मारून राजारामच्याच कंपनीत साहेबाच्या मर्जीतली नोकरी मिळवतो. तिथे साहेबाच्या बायकोशीही सूत जुळवतो आणि साहेबाच्या मुलीशीही. इकडे चाळीत संध्याशी लग्न ठरतं. आणि आयत्या वेळी, थापांचा डोलारा कोसळतो तेव्हा, हा पठ्ठ्या पसार होतो. सबनिसांच्या घरावर आकाश कोसळतं. राजाराम पुढे होतो. संध्या त्याला आधी एक गोष्ट सांगते: बाशूबरोबर आपण फार पुढे गेलो होतो. राजारामला त्यानं फरक पडत नाही. लग्न होतं.

हे सगळं विनोदी आहे, हे वरच्या सांगण्यावरून कुणाला खरं वाटणार नाही. पण आहे, आणि जातिवंत विनोदी आहे. चाळीतल्या माणसांच्या मनात जे चालतं ते मधूनच डोळ्यांसमोर उभं राहतं, दिवास्वप्नांना गाणी फुटतात. संवाद तर असे की, लिहिणारीनं नळाच्या रांगेत उभं राहून कान टवकारले असावेत. चित्रण पुण्यातल्या खऱ्याखुऱ्या चाळीत झालं, गोष्ट मात्र मुंबईची. पुणेकरांनी मुंबईला एवढी मदत फार वेळा केलेली नाही.

रोमँटिक कॉमेडीचा एक ठरलेला आराखडा असतो. दोन माणसं एकत्र यावीत असं प्रेक्षकाला सुरुवातीलाच वाटायला लागतं, मग काहीतरी आडवं येतं, ते दूर होतं, दोघं भेटतात. आडवं काय येतं यावर सगळी मजा. कुठे श्रीमंत बाप येतो, कुठे गैरसमज, कुठे वेषांतर. सई परांजपेंच्याच ‘चष्मेबद्दूर’मध्ये, १९८१ साली, दोन थापाडे मित्र आडवे आले होते. ‘कथा’त बाशू आडवा येतो असं आपण समजतो. खरं तर बाशू येण्याआधी कितीतरी दिवस राजारामला मोकळं रान होतं. संध्या भिंतीपलीकडे होती. तेव्हा आडवं कोण आलं होतं?

हा प्रश्न माझा नव्हे, भाचीचा. ती सिनेमा पाहताना थांबवून बोलते. पूर्वी आम्ही मध्यंतरापर्यंत कळ काढायचो. बाशूबद्दल तिचं मत पहिल्या दहा मिनिटांत झालं, आणि ते काय होतं ते सांगायला नकोच. पण राजारामलाही तिनं सोडलं नाही. “मावशी, हा माणूस सगळ्या चाळीशी बोलतो. सगळ्यांना काय हवं-नको बघतो. मग हिच्याशीच काय दातखीळ बसते? आणि त्याच्या मनात काय आहे ते हिनं ओळखायचं, हा कुठला न्याय?”

आमचे हे खुर्चीतून म्हणाले, “त्या काळी असंच होतं.”

भाची म्हणाली, “काका, बाशू त्याच काळातला होता ना?”

इथे फारुख शेखच्या निवडीबद्दल बोलायला हवं, कारण या सिनेमाची निम्मी चलाखी तिथे आहे. दोनच वर्षांपूर्वी ‘चष्मेबद्दूर’मध्ये हाच फारुख लाजरा, अभ्यासू, सज्जन तरुण होता, आणि त्याच्यासमोर हीच दीप्ती नवल होती. कपडे धुण्याची पावडर विकायला आलेली मुलगी आणि तिच्याशी बोलताना गडबडून जाणारा मुलगा. त्या जोडीवर लोकांनी जीव टाकला होता. आता ‘कथा’त तोच चेहरा, तेच हसू, फक्त आतला माणूस बदललेला. १९८३ चा प्रेक्षक टॉकीजमध्ये शिरला तोच मुळी फारुखवर विश्वास ठेवून. म्हणजे संध्याची जी फसगत होणार, ती आपली आधीच झालेली असते. आणि ज्या नसीरनं ‘स्पर्श’मध्ये तो मानी, ताठ अंध मुख्याध्यापक उभा करून राष्ट्रीय पुरस्कार मिळवला होता, त्याला इथे मान खाली घालून चालायला लावलं. उलट निवड केली असती तर सिनेमा सरळ झाला असता आणि पडला असता.

बाशूला लोक का फसतात हे कळायला मला सिनेमाची गरज नव्हती. पिरंगुटला एका बँकेच्या शाखेत काउंटरमागे माझी उमेद गेली. मी लागले तेव्हा तालुक्यात भाताची खाचरं होती, आंबेमोहोराचा वास रस्त्यापर्यंत यायचा. मग हिंजवडीला आयटी पार्क आलं, तेही मुळशी तालुक्यातच. टेमघरच्या पलीकडे दासव्याला लवासा आलं. भूगाव, भुकूम, पिरंगुट करत बंगल्यांच्या स्कीमा पौडपर्यंत पोचल्या. जमिनीला भाव आला आणि भावाबरोबर एजंट आले. प्रवीण तरडे यांनी २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’मध्ये त्याची रक्ताळलेली बाजू दाखवली: जमीन विकून बसलेला बाप आणि गुन्हेगारीत गेलेला मुलगा. त्या सिनेमात आमचा तालुका आहे, नाही म्हणत नाही. पण माझ्या काउंटरसमोर जे उभे राहायचे ते बहुतेक ‘कथा’तले होते.

कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात दोन फोन. आल्याआल्या शिपायाच्या मुलाची परीक्षा कशी गेली ते विचारणार, कॅशियरला नावानं हाक मारणार, माझ्याकडे पेन मागणार आणि “ताई, स्लिप तेवढी तुमच्या अक्षरात भरा, माझं अक्षर बघून मॅनेजर पैसे द्यायचा नाही” म्हणणार. रांगेतली माणसं हसायची. रांग मोडून तो पुढे गेला आहे, हे कुणाला खुपायचं नाही. त्याच्यामागे पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेला एखादा राजाराम उभा असायचा, ज्याच्या पैशांवर हे सगळं चाललं होतं. तो काही बोलायचा नाही. काम आधी बाशूचं व्हायचं. त्याला फसणारी माणसं मूर्ख नव्हती. त्यांच्याशी इतकं आपुलकीनं दिवसभरात दुसरं कुणी बोललेलंच नसायचं.

संध्याचं तेच. ती बावळट आहे असं पहिल्यांदा पाहताना वाटतं, कारण बाशूच्या थापा आपल्याला ठाऊक असतात आणि तिला नसतात. विनोदी सिनेमा आपल्याला ही मोठेपणाची खुर्ची फुकट देतो. फक्त तिच्याकडे बघत बसलं, तर ती मुलगी काय करतेय ते दिसतं. तिच्या आजूबाजूला सगळे तिच्या लग्नाबद्दल बोलतात. आई बोलते, वडील बोलतात, चाळ बोलते. तिच्याशी, तिच्या डोळ्यांत बघून बोलणारा पहिला माणूस बाशू आहे. तो खोटं बोलतो, हे खरं. पण बोलतो. आणि राजाराम खरा आहे, पण गप्प आहे. या दोहोंतून तिनं निवडायचं असतं तर गोष्ट वेगळी. तिला तर दुसरा पर्याय आहे हेच माहीत नाही. शर्यतीत एकच जण धावताना दिसत असेल तर बघणारी टाळ्या कुणासाठी वाजवणार?

चाळीची गंमत अशी की तिथे खासगी काही नसतं. कुणाकडे कुठली भाजी शिजतेय, कुणाचं पत्र आलं, सगळं गॅलरीत. तरी बाशूची खोलात चौकशी कुणी करत नाही. माझी भाची राहते त्या सोसायटीत शेजारचा माणूस मेला तरी दोन दिवस कळायचं नाही, म्हणून तिला चाळीचं भारी आकर्षण. मला नाही. आत्याचा वाडा मला आठवतो. तिथे सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं, आणि जे विचारायला हवं ते मात्र कुणीच विचारत नसे.

तर त्या रात्री संध्याचं लग्न मोडलं, बाशू पळाला, राजाराम सबनिसांच्या दारात आला, आणि आमच्याकडची लाईट गेली.

मुळशीत जुलैमध्ये लाईट जाणं ही बातमी नसते. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, भाचीच्या फोनला रेंज नव्हती, इन्व्हर्टरनं तासाभरानं मान टाकली. पुढे काय होतं ते मला आणि ह्यांना ठाऊक होतं, तिला नव्हतं. मी म्हटलं, सांगू का? ती म्हणाली, सांग. मी सांगितलं, की आता संध्या त्याला सगळं सांगणार, बाशूबरोबर काय झालं ते, आणि मगच लग्नाला हो म्हणणार. मग अंधारात जी बाचाबाची सुरू झाली ती जेवणं होऊन झोपेपर्यंत चालू होती.

ह्यांचं म्हणणं, सांगायची गरज नव्हती. झालं गेलं. राजारामनं विचारलं होतं का? मग कशाला. भाचीचं म्हणणं, सांगायला हवंच, पण ज्या सुरात ती सांगते असं मावशी म्हणतेय, जणू काही गुन्हा कबूल करतेय, त्या सुरात नाही. “तिनं काय चोरी केलीय? ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याच्यावर प्रेम केलं. फसवलं त्यानं. खाली मान हिनं का घालायची?”

मी म्हटलं, ते साल बघ. हिंदी सिनेमात तोवर अशा मुलीला काय वाट्याला यायचं? एक तर विहीर, नाही तर देवळातलं गाणं, नाही तर दुसऱ्याच्या बाळाचं नाव आणि मरेपर्यंतचं पश्चात्तापाचं पांढरं पातळ. इथे ती एका साध्या वाक्यात सांगते, तो ऐकतो, आणि सिनेमा पुढे जातो. वीज कडाडत नाही, भांडं पडत नाही. विनोदी सिनेमाच्या शेवटच्या टप्प्यात, लोक हसायच्या तयारीत असताना, हे ठेवायला छाती लागते.

ही छाती कुठून आली याचा थोडाफार माग घराण्यात लागतो. सई परांजपे या शकुंतला परांजपे यांच्या कन्या आणि रँग्लर र. पु. परांजपे यांची नात. वडील रशियन चित्रकार होते, पण सईंना वाढवलं आईनं आणि आजोबांनी. शकुंतलाबाईंनी संततिनियमनाचा प्रचार अशा काळात केला जेव्हा तो शब्द बायका एकमेकींच्या कानातही उच्चारत नव्हत्या, र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’त त्या लिहीत. आणि १९३७ साली ‘प्रभात’च्या ‘कुंकू’मध्ये त्यांनी काम केलं होतं. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नाला नवऱ्याच्या घरात राहूनच नकार देते, तो सिनेमा. त्यात म्हाताऱ्याची शिकलेली मुलगी शकुंतलाबाईंनी केली होती. आईनं ‘कुंकू’त काम केलं, लेकीनं ‘कथा’ काढला, आणि नात विनी परांजपे ‘कथा’त साहेबाची मुलगी जोजो झाली. ज्या घरात स्त्री-पुरुषांबद्दल स्वयंपाकघरात मोकळेपणानं बोललं जात असेल, तिथल्या बाईला संध्याच्या कबुलीसाठी वीज कडाडून घ्यायची गरज वाटली नसणार. हा माझा अंदाज. अंदाज नसलेली गोष्ट एवढीच, की ‘कथा’ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सकाळी लाईट आली तेव्हा चहा पीत उरलेला सिनेमा पाहिला. तो प्रसंग आला. कुणी काही बोललं नाही. संपल्यावर भाची म्हणाली, “तिनं सांगितलं. आता त्यानं काय सांगितलं?”

मला हे सुचलं नव्हतं. खरंच, राजारामचीही एक कबुली उरते. बाशू कसला आहे याची कल्पना त्या चाळीत सगळ्यात जास्त कुणाला असेल, तर राजारामला. खोली एक, बादली एक, पगार एकाचा. तरी तो संध्याला सावध करत नाही. का नाही? एक उत्तर मोठेपणाचं आहे: आपलं तिच्यावर प्रेम आहे, म्हणून प्रतिस्पर्ध्याची निंदा आपल्या तोंडी शोभत नाही. दुसरं उत्तर भेकडपणाचं: बाशूबद्दल बोलायचं तर आपण का बोलतोय हेही सांगावं लागेल, आणि तेच तर जमत नाही. नसीरचा चेहरा असा की दोन्ही उत्तरं त्यावर बसतात. पहिल्या खेपेला मला पहिलंच दिसलं होतं. चित्रपटही तिकडेच झुकतो, आणि ती त्याची उणी बाजू आहे. राजारामच्या चांगुलपणावर कधी कधी इतकी माया केली आहे की त्याला आरसा दाखवायचं राहून गेलं. साहेबाच्या घरातला भाग तर ताणला आहे असं मला आधीही वाटायचं, आताही वाटलं. साहेबाची बायको झालेल्या मल्लिका साराभाई दिसतात छान, पण बाशू तिथे बायको आणि मुलगी दोघींना खेळवतो त्यातलं नवल लवकर संपतं. चाळीत परत कधी जातो असं होतं.

ह्यांनी राजारामची बाजू घेतली. “चुगली केली असती तर तो राजाराम राहिला असता का?” असं म्हणाले. ह्यांची नोकरीही कारकुनाचीच झाली, हे वाचकांनी लक्षात घ्यावं.

त्याच १९८३ साली नसीरुद्दीन शाहचा ‘मासूम’ही आला होता, शेखर कपूरचा. त्यात तो सुखी संसारातला नवरा आहे आणि त्याला लग्नाबाहेर झालेला मुलगा घरी येतो. नवऱ्याचं मागचं पोटात घालायला बायकोला, शबाना आझमीला, अख्खा सिनेमा लागतो. आपण प्रत्येक क्षण तिच्याबरोबर तडफडतो. ‘कथा’त तोच नसीर एका बाईचं मागचं पोटात घालतो आणि त्याला काही क्षण पुरतात. हे दोन सिनेमे मी एका पाठोपाठ पाहिले असते तर तेव्हाच काहीतरी डोक्यात आलं असतं. कुणाला क्षमा जड जाते आणि कुणाची सहज होऊन जाते, हे त्या माणसाच्या मनावर किती आणि त्याच्यासमोर दुसरी वाट किती होती यावर किती? राजारामला संध्या मिळत होती. ‘मासूम’मधल्या बायकोला, इंदूला, तर जे मिळालं होतं तेच हातातून निसटत होतं. तुलना पूर्ण न्यायाची नाही, मान्य. पण एकदा सुचली की पाठ सोडत नाही.

प्रेमातल्या अशा गुंत्यांवर त्या काळात आणखी बरंच झालं होतं, हे तरुणांना माहीत नसतं. त्यांच्यासाठी गुंतागुंतीचं प्रेम म्हणजे स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे दिवसभर पुण्यात भांडत फिरतात तो सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’, २०१० चा. गोड आहे; भाचीनं तो इतक्यांदा पाहिलाय की कुठल्या चौकात काय बोलतात ते तिला ठाऊक. पण त्यात दोघांना बोलता येतं. बोलता न येणाऱ्यांचे सिनेमे सत्तरच्या दशकात बासू चटर्जींनी काढले. ‘रजनीगंधा’ची दीपा दोन पुरुषांच्या मधे हेलकावे खाते, आणि सिनेमा तिला त्यासाठी रागावत नाही. ‘छोटी सी बात’ तर ‘कथा’चा सख्खा भाऊ. अमोल पालेकरचा अरुण राजारामसारखाच बुजरा, असरानीचा नागेश बाशूसारखाच आगाऊ. पण अरुण खंडाळ्याला एका कर्नलकडे जातो, अशोककुमारकडे, आणि शिकवणी लावून येतो. कसं चालायचं, कसं बोलायचं, समोरच्याला कसं गोत्यात आणायचं. म्हणजे कासव सशाचे डावपेच शिकून जिंकतं. ती कल्पना मुळात एका इंग्रजी विनोदी सिनेमाची होती.

राजाराम मात्र कुठेही शिकवणी लावत नाही. तो शेवटपर्यंत पहिल्या दिवसासारखाच राहतो. म्हणून तो जिंकला असं मला म्हणवत नाही. ससा झोपला असता आणि कासव चालत राहिलं असतं तर जिंकणं झालं असतं. इथे ससा झोपलेला नाही. त्याला ते बक्षीस नको झालं, एवढंच. बाशूला सिनेमा शिक्षाही करत नाही; तो दुसरीकडे जाऊन दुसरी चाळ शोधेल याबद्दल आपल्याला शंका उरत नाही. त्या पांढऱ्या सदरेवाल्यांपैकी कुणी नुकसान सोसून बसल्याचं मीही फारसं पाहिलेलं नाही. आजीच्या गोष्टीतलं तात्पर्य सई परांजपेंनी ठेवलं खरं, पण त्याच्याखालची सतरंजी हळूच ओढून घेतली. लहान मुलांना सांगायची गोष्ट मोठ्यांना दाखवली की काय होतं, याची ती मिश्कील चाचणी आहे.

आणि संध्या? ती हरली की जिंकली? एकदा सगळ्यांदेखत लग्न मोडल्यावर, घर हवालदिल झालेलं असताना समोर आलेल्या सज्जन माणसाला ती हो म्हणते. आवडीनं म्हणते की उपकारानं, हे दीप्ती नवल चेहऱ्यावर उघडं करत नाही. मी दोनदा मागे नेऊन पाहिलं. ज्या मुलीनं आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट त्या माणसाला तोंडावर सांगितली, ती उपकाराखाली फार काळ दबून राहील असं मला वाटत नाही. पण हेही खरं की लग्नानंतरच्या पहिल्या भांडणात काय झालं असेल, याची मला त्या दोघांबद्दल काळजी वाटते. राजारामला भांडता येणार नाही. आणि ज्याला भांडता येत नाही त्याच्याबरोबर दिवस काढणं किती कठीण असतं, हे मी इथे जास्त लिहीत नाही, कारण हे मासिक ह्यांच्याही हाताला लागेल.

भाची रविवारी परत येणार आहे. ‘छोटी सी बात’ पाहायचं ठरलंय. बरोबर एका मित्राला आणू का, असं फोनवर विचारत होती. मी म्हटलं, आण की, भात जास्तीचा टाकीन. मित्र म्हणजे कसा मित्र, हे मी विचारलं नाही. ह्यांनी मात्र माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, “तो नोकरीत परमनंट आहे का?”

“काका,” ती म्हणाली, “हिंजवडीत कोणीच परमनंट नसतं.”